पायलट, मालम आणि मुअल्लिम

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात मराठीच्या तासाला ‘माझ्या घरातली माणसं’ या विषयावर मुलांना दोन-दोन मिनिटं बोलायला लावलं होतं. उर्दू माध्यमाची मुलं मराठीत बोलताना आधी अडखळतात, पण एकदा सुरू झाली की थांबत नाहीत. एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “माझे अब्बा पायलट आहेत.” मागच्या बाकांवर हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, “सर, याचे अब्बा गाडी चालवतात!” पोराचा चेहरा उतरला. पुढे एक शब्दही न बोलता तो खाली बसला.

त्याचे वडील १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेवर आहेत, हे मला ठाऊक होतं. त्या सेवेत चालकाला पायलटच म्हणतात. मी वर्गाला सांगितलं की तो बरोबर बोलला आहे. पण मुलांना ते पटलेलं दिसेना. सरांनी मित्राची बाजू घेतली, एवढंच त्यांना वाटलं. म्हणून मी गृहपाठ दिला. ‘पायलट’ हा शब्द कुठे कुठे ऐकला, ते प्रत्येकाने लिहून आणायचं.

दुसऱ्या दिवशी फळा भरला. विमानाचा पायलट तर होताच. रेल्वेचा लोको पायलट आला, ज्याला आमच्या लहानपणी सरळ इंजिन ड्रायव्हर म्हणायचे. मंत्र्यांच्या ताफ्यापुढे धावणारी पायलट गाडी आली. एका मुलीचे मामा गोव्यात राहतात. तिने सांगितलं की तिथे मोटरसायकलवर मागे प्रवासी बसवून नेणाऱ्याला पायलट म्हणतात आणि त्याच्या गाडीचं पुढचं मडगार्ड पिवळं असतं. कुणी जुन्या गॅस गिझरमधली सतत जळणारी बारीक ज्योत लिहून आणली, कुणी पायलट पेन. त्या पेनाची गोष्ट मी वर्गाला सांगितली. १९१८ साली जपानमध्ये ही कंपनी काढणारे नामिकी हे पूर्वी खलाशी घडवणाऱ्या शाळेत शिकवायचे, त्यामुळे पेनाला जहाजावरचं नाव मिळालं. शेवटी मी माझ्याकडून ‘पायलट प्रकल्प’ जोडला. सरकारी शाळांशी संबंध आलेल्या प्रत्येक शिक्षकाला हा शब्द पाठ असतो. आधी चार शाळांवर करून बघायचं, मग सगळ्यांवर.

फळ्यावर बघून एक मुलगी म्हणाली, “सर, सगळ्यांत जो पुढे असतो, तो पायलट.” मला तिचं उत्तर शब्दकोशापेक्षा बरं वाटलं.

आता शब्दाचा प्रवास बघू. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला आला, तो फ्रेंचमधून. फ्रेंचांनी तो इटालियन दर्यावर्दींकडून घेतला. इटालियनमध्ये त्याचं जुनं रूप ‘पेदोता’च्या जवळचं होतं आणि त्याच्या मागे ग्रीक ‘पेदोन’ आहे, असं भाषातज्ज्ञ मानतात. पेदोन म्हणजे जहाज वळवण्याचं मोठं वल्हं. जहाजाच्या मागच्या बाजूला ते पाण्यात सोडलेलं असे आणि त्यावर जहाजाची दिशा ठरत असे. अनेक अभ्यासक या ग्रीक शब्दाचं नातं ‘पाय’ या अर्थाच्या जुन्या धातूशी जोडतात. संस्कृत ‘पद’, फारसी ‘पा’ आणि आपला मराठी ‘पाय’ त्याच धातूतून आले. पायजमा आणि पायलट हे असे दूरचे नातेवाईक निघतात, हे ऐकून वर्ग पुन्हा हसला. या वेळी त्या हसण्यात तो मुलगाही होता.

म्हणजे पायलट हा मुळात पाण्यावरचा माणूस. तीनशे वर्षांहून जास्त काळ इंग्रजीत पायलट म्हटलं की जहाजच डोळ्यांपुढे यायचं. लोक बलूनमधून उडायला लागले, त्यानंतर एकोणिसाव्या शतकात हा शब्द हवेत गेला. विसाव्या शतकात विमानं आली आणि तो तिकडचाच होऊन बसला. १९२९ साली जे. आर. डी. टाटांना भारतातला पहिला वैमानिकाचा परवाना मिळाला. आमच्या उर्दूतल्या कथालेखिका हिजाब इम्तियाज अली यांनी १९३६ साली विमान चालवण्याचा परवाना मिळवला. उर्दूने पायलटसाठी ‘हवाबाज’ असा झकास शब्द केला, पतंगबाज आणि कबुतरबाज यांच्या रांगेत बसणारा. माझ्या विद्यार्थ्यांना जो खरा आणि एकमेव अर्थ वाटत होता, तो या शब्दाच्या आयुष्यातला बराच अलीकडचा अर्थ आहे.

जुना अर्थ आजही बंदरात जिवंत आहे. मोठ्या जहाजाच्या कप्तानाला समुद्र माहीत असतो, पण प्रत्येक बंदराच्या तोंडाशी वाळूचे पट्टे कुठे आहेत, भरती-ओहोटीचा ओढ कुठून कसा येतो, हे त्याला कसं कळणार? म्हणून बंदराबाहेर जहाज थांबतं. एका लहान बोटीतून बंदराचा पायलट येतो, जहाजाच्या अंगाला सोडलेल्या दोराच्या शिडीवरून वर चढतो आणि कप्तानाच्या बाजूला उभा राहून जहाज आत घेतो. पायलट जहाजावर असेपर्यंत पांढरा-लाल बावटा लावलेला असतो. कोलकात्याच्या हुगळी नदीत वाळूचे पट्टे सारखे जागा बदलतात, म्हणून तिथे इंग्रजांच्या काळात पायलटांची स्वतंत्र सेवाच होती.

या कामातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पायलट चढला म्हणून कप्तानाची जबाबदारी सुटत नाही. पायलट वाट दाखवतो, पण जहाज कप्तानाचंच राहतं. या मुद्द्याकडे मी पुढे परत येणार आहे.

माझ्या आईचे एक चुलते होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. कोकणातल्या असंख्य मुसलमान घरांतल्या पुरुषांसारखे तेही विलायती कंपनीच्या बोटीवर नोकरीला होते. त्यांचा हुद्दा ‘सुकानी’, म्हणजे सुकाणूवर उभा राहणारा. सुट्टीवर आले की ते बोटीवरच्या गोष्टी सांगायचे आणि त्यांत एक ‘मालम साहेब’ हमखास असायचा. मालम साहेबाने असं सांगितलं, मालम साहेब रात्री तारे बघत होता. मला लहानपणी वाटायचं, ज्याला सगळं मालूम असतं तो मालम साहेब. डी.एड., बी.एड. झालं, शाळेत लागलो, त्यानंतर कितीतरी वर्षांनी कळलं की माझा अंदाज फारसा चुकला नव्हता.

‘मालम’ हे अरबी ‘मुअल्लिम’चं खलाशांच्या तोंडी घासलेलं रूप. मुअल्लिम म्हणजे शिकवणारा, शिक्षक. इल्म, आलिम, तालीम, मालूम हे सगळे त्याच धातूचे शब्द. मराठीने त्यातला ‘तालीम’ उचलला आणि थेट आखाड्यात नेऊन ठेवला. अरबी समुद्रावर आणि हिंदी महासागरावर शेकडो वर्षं मुअल्लिम या शब्दाचा अर्थ होता जहाजाला वाट दाखवणारा, म्हणजेच पायलट. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’मध्ये जहाजावरच्या माणसांची यादी दिली आहे. आधी नाखुदा, म्हणजे जहाजाचा मालक. लगेच दुसरा मुअल्लिम. समुद्र कुठे खोल, कुठे उथळ, हे त्याला माहीत हवं, ताऱ्यांची विद्या त्याला यायला हवी आणि जहाज सुखरूप मुक्कामी नेणं हे त्याचं काम, असं अबुल फजल लिहितो. पुढे तांडेल, सरहंग, भंडारी, सुक्कानगीर असे एकेक हुद्दे येतात.

ही यादी वाचताना मला आपल्या किनाऱ्यावरच्या गावांची मतदारयादी वाचल्यासारखं वाटलं. नाखुदाचा झाला नाखवा, सरहंगचा सारंग. तांडेल तर जसाच्या तसा. ही आडनावं कोळी बांधवांतही आहेत आणि कोकणी मुसलमानांतही. ‘नाखुदा’ हा फारसी शब्द, म्हणजे नावेचा धनी. त्यातली ‘नाव’ आणि मराठीतली ‘नाव’ एकच. ‘सुकाणू’ आला अरबी ‘सुक्कान’वरून. आज एखाद्या कामासाठी सुकाणू समिती नेमतात, तेव्हा कुणाच्या मनातही येत नाही की हा शब्द अरबी खलाशांच्या जहाजातून आपल्याकडे उतरला आहे.

मुअल्लिमही दूरवर गेला. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेत शिक्षकाला ‘म्वालिमू’ म्हणतात. इंडोनेशियात ‘मुआलिम’ हा आजही जहाजावरच्या अधिकाऱ्याचा हुद्दा आहे. कच्छच्या किनाऱ्यावर ‘मालम’ हा मानाचा शब्द. एकच शब्द एका किनाऱ्यावर वर्गात उभा आहे आणि दुसऱ्या किनाऱ्यावर जहाजावर.

मी हे सगळं वर्गात सांगत होतो, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने, त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने हसणाऱ्यानेच, हात वर केला. “सर, वास्को द गामाला हिंदुस्थानची वाट एका मुसलमानाने दाखवली, असं मोबाइलवर आलं होतं. म्हणजे फिरंगी आपल्यामुळे आले का?”

प्रश्न तेरा वर्षांच्या मुलाचा होता, पण त्यातला ‘आपल्यामुळे’ मला टोचला. पाचशे वर्षांपूर्वीच्या एका खलाशाचं ओझं हा पोरगा आजच खांद्यावर घेऊन बसला होता. त्याला मी ‘उद्या सांगतो’ म्हटलं आणि घरी येऊन जेवढं मिळेल तेवढं वाचलं.

हकीकत अशी. वास्को द गामा १४९८ च्या एप्रिलमध्ये आजच्या केनियातल्या मालिंदीला पोचला. तिथल्या सुलतानाने त्याला एक पायलट दिला. २४ एप्रिलला जहाजं निघाली आणि २० मे रोजी कालिकतजवळ लागली. त्या पायलटचं नाव? गामाच्या ताफ्यातल्या एका माणसाने लिहिलेली रोजनिशी उपलब्ध आहे. तीत नाव नाही, फक्त तो ख्रिस्ती होता, एवढंच आहे. पण याच लोकांना कालिकतचं देऊळ चर्च वाटलं होतं, त्यामुळे त्यांच्या ‘ख्रिस्ती’ शब्दावर किती विसंबायचं? सोळाव्या शतकातला पोर्तुगीज इतिहासकार जुआंव द बारोस त्याला गुजरातचा मुसलमान म्हणतो आणि नाव देतो ‘मालेमो काना’. दुसरीकडे ‘मालेमो कनाका’ असं आढळतं. यातला मालेमो म्हणजे आपला मुअल्लिमच. ‘कनाका’ म्हणजे संस्कृत ‘गणक’, ग्रहताऱ्यांचं गणित करणारा, असं काही अभ्यासक सांगतात. तसं असेल तर हे नावच नव्हे. एकाच माणसाचा हुद्दा, एकदा अरबीत आणि एकदा संस्कृतात सांगितलेला. कच्छमध्ये मात्र त्याला कानजी मालम म्हणतात आणि त्याच्या गोष्टी अभिमानाने सांगतात.

मग मोबाइलवरचा तो ‘मुसलमान’ कोण? तो अहमद इब्न माजिद. पंधराव्या शतकातला फार मोठा मुअल्लिम, जुल्फारचा, म्हणजे आजच्या रास अल-खैमाचा. त्याचे वडील आणि आजोबाही मुअल्लिम होते. वारे, तारे, किनारे यांवर त्याने अरबीत ग्रंथ लिहिले, अनेकदा कवितेत, म्हणजे खलाशांना पाठ करायला सोपं जावं. त्याच्यानंतर काही दशकांनी मक्केतले इतिहासकार कुत्बुद्दीन नहरवाली यांनी लिहिलं की फिरंग्यांना वाट याच माणसाने, नशेत असताना, दाखवली. १९२० च्या दशकात गाब्रिएल फेराँ या फ्रेंच विद्वानाने त्यावरून इब्न माजिद हाच गामाचा पायलट, असं मांडलं आणि ते जगभर पसरलं. पुढच्या अभ्यासकांनी ते मान्य केलं नाही. साधा मुद्दा आहे. पोर्तुगीज ज्याला गुजराती म्हणतात, तो जुल्फारचा अरब कसा असेल? इब्न माजिद तेव्हा म्हातारा झालेला, आणि पोर्तुगीजांच्या जुन्या लिखाणात त्याचं नाव कुठेच नाही.

म्हणजे ज्याला श्रेय हवं होतं, त्याने त्या पायलटला आपलं नाव दिलं. ज्याला दोष द्यायचा होता, त्याने दुसऱ्याचं. खरा माणूस त्याच्या हुद्द्यामागे हरवून गेला.

आणि त्याने वाट दाखवली ती कशी? रोजनिशीत ते स्पष्ट आहे. मालिंदीच्या सुलतानाचा एक खास माणूस जहाजावर आला होता. गामाने त्याला अडकवून ठेवलं आणि कबूल केलेला पायलट पाठवा, असा निरोप धाडला. पायलट आल्यावर त्या माणसाची सुटका झाली. त्याआधी मोझांबिकहून घेतलेल्या एका पायलटने काही बेटांना मुख्य किनारा म्हटलं, म्हणून त्याला फटके मारले आणि त्या बेटाला ‘फटके खाल्लेल्याचं बेट’ असं नावच देऊन टाकलं. मोंबासाला ते पायलट समुद्रात उड्या मारून पळाले. तिथेच, जहाजावर ठेवलेल्या माणसांकडून माहिती काढायला त्यांच्या अंगावर उकळतं तेल टाकलं. हे पोर्तुगीजांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. अशा जहाजावर चढणाऱ्या माणसाला फितूर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शिवाय त्याने कोणतं गुपित फोडलं? मालिंदी ते मलबार ही वाट तेव्हा शेकडो वर्षांची वहिवाट होती. वाऱ्यांच्या ऋतूला अरब ‘मौसिम’ म्हणत, त्यावरून आपला मोसम आणि मान्सून आले. त्या मोसमात गुजरातची, अरबस्तानची, मलबारची जहाजं ये-जा करत. गामाला मालिंदीत हिंदुस्थानची जहाजं उभी दिसली होती. बारोस सांगतो की गामाने आपलं ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र या पायलटला मोठ्या तोऱ्यात दाखवलं, तर त्याला त्याचं काही नवल वाटलं नाही. तांबड्या समुद्राचे पायलट अशी उपकरणं वापरतात, म्हणाला, आणि स्वतःचं साधन काढून दाखवलं.

आता कप्तानाचा मुद्दा. १५०२ मध्ये गामा पुन्हा आला आणि हजहून परतणाऱ्या मुसाफिरांचं ‘मीरी’ नावाचं जहाज त्याने बायका-मुलांसह जाळलं. त्यानंतर पोर्तुगीजांनी या समुद्रावर परवाने लादले. हजची जहाजंसुद्धा त्यातून सुटली नाहीत. ही कामं त्या अनाम पायलटची नव्हती. पायलट जहाजावर असला तरी जबाबदारी कप्तानाची, हा बंदरातला नियम इतिहासालाही लावायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र मी मुलांपासून लपवली नाही. वाट दाखवणारा प्रत्येक जण भला नसतो. बंगालीत ‘आडकाठी’ असा एक शब्द आहे. त्याचा एक अर्थ बंदराचा पायलट. दुसरा अर्थ चहाच्या मळ्यांसाठी गोरगरिबांना भूलथापा देऊन मजूर म्हणून नेणारा दलाल. गिरमिटिये होऊन सातासमुद्रापार गेलेल्यांच्या गोष्टींतही हा ‘अरकाटी’ भेटतो. हात धरून नेणारा आपल्याला बंदरात नेतोय की बाजारात, हे पारखावंच लागतं. पण त्याची जात-धर्म विचारून ते कळत नाही.

याला आपल्याकडे फार मोठा दाखला आहे आणि तो माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना ऐकून माहीत असतो, फक्त या बाजूने कुणी सांगितलेला नसतो. हिजरतच्या वेळी पैगंबर हजरत मुहम्मद (स.) आणि हजरत अबू बक्र (र.) मक्केहून मदिनेला निघाले, तेव्हा वाटाड्या कोण होता? अब्दुल्लाह बिन उरैकित. तो मुसलमान नव्हता, कुरैशांच्याच धर्माचा होता. पण वाळवंटाच्या वाटा त्याला पाठ होत्या आणि तो शब्दाचा पक्का होता. दोन्ही उंटिणी त्याच्या हवाली केल्या आणि तीन रात्रींनी सौरच्या गुहेपाशी यायला सांगितलं. मक्केत पकडून देणाऱ्याला शंभर उंटांचं बक्षीस लागलेलं. तो ठरल्या वेळी आला आणि नेहमीचा रस्ता सोडून किनाऱ्याच्या बाजूच्या वाटेने घेऊन गेला. जीव मुठीत धरून केलेल्या त्या प्रवासाची वाट ज्याच्यावर सोपवली, त्याचा धर्म वेगळा होता.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं माझ्या मोडक्यातोडक्या नकाशासह वर्गात मांडलं. प्रश्न विचारणारा मुलगा शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, “म्हणजे सर, तो कोण होता ते कळलंच नाही.” मी म्हटलं, नाही कळलं. त्याला काम येत होतं, तेवढं मात्र नक्की कळलं. तो म्हणाला, “मग तो आपला पण आणि कानजीवाल्यांचा पण.” मी त्यावर काही बोललो नाही. बोलण्यासारखं त्याने काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

तास संपल्यावर ज्याच्या वडिलांवरून हे सुरू झालं, तो मुलगा टेबलापाशी आला. “सर, मुअल्लिम म्हणजे पायलट, तर तुम्ही पण पायलट झालात ना?” मी हसलो. मग त्याने सांगितलं की आदल्या रात्री त्याच्या अब्बांनी घाटातून एका बाईला बाळंतपणासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पोचवलं. रस्ता खचला होता, धुकं होतं. बाळ-बाळंतीण सुखरूप होती.

मी त्याला म्हटलं, “हे उद्या वर्गात सांग. परवाची तुझी दोन मिनिटं अर्धवट राहिली आहेत.”

त्याने सांगितलं. या वेळी मागच्या बाकांवर कुणी हसलं नाही.